मधला स्पीकर

"हा छातीला लागतोय," असं म्हणत आप्पा म्हेत्रे खुर्चीतून उठले, सरळ पडद्याआड गेले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. "हाच बांधा."

पडद्याआड जायला गिऱ्हाइकाला परवानगी नव्हती. कोल्हापुरातल्या माझ्या, म्हणजे मगदूमच्या, दुकानात मागच्या बाजूला एक खोली होती, भिंतींना जाड कापड लावलेली, मधोमध एकच खुर्ची. गिऱ्हाईक तिथं बसायचं आणि मी पडद्यामागून एकेक जोडी वाजवायचो. कुठली जोडी कुठल्या कंपनीची, ते शेवटपर्यंत सांगायचो नाही. कानानं निवडा, डोळ्यांनी नको, असा माझा बाणा. हातानं निवडणारा माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. होम थिएटरचं वारं तेव्हा आमच्याकडे नुकतंच शिरलं होतं. पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा. बहुतेकांना तो डबाच हवा असायचा, बाकीचे पाच त्यांच्या लेखी शोभेचे. खिडकीच्या काचा हलल्या की पैसे वसूल. त्यामुळे आप्पांचा तो तळहात बघून, आला आणखी एक धडधडवाला, असं मी मनात म्हटलं. माझ्या कानांचा मला फार गर्व होता आणि लोकांच्या कानांची मी सर्रास टिंगल करायचो.

मी त्यांना दुसरी जोडी सुचवून पाहिली. तिच्यात बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. आप्पांनी माझ्या तोंडाकडे अगदी लक्ष देऊन पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा त्याच खोक्यावर हात ठेवला. शेवटी मी त्यांच्या बायकोकडे वळलो. शालनकाकू दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. तुम्हाला कुठला आवडला, असं मी त्यांना विचारलं.

"मला कशाला विचारताय? मी काय त्यावर बघणार न्हाई. शुक्रवारी पुण्याला चालले, लेकीकडं."

मग परत आल्यावर बघाल की, असं मी सहज म्हणालो.

"परत यायचं न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, भांडणाचा नव्हता. आप्पा आमच्यापासून चार हातांवर पाठमोरे उभे होते. त्यांच्या पाठीकडे बघत काकू तशाच शांतपणे म्हणाल्या, "अहो, ह्यांना सांगतेय, मी कायमची चालले म्हणून."

"बरं, बरं," आप्पा म्हणाले आणि खोक्याची जाळी चाचपत राहिले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू माझ्याकडे बघून किंचित हसल्या, बघितलंत ना, असं म्हणणारं हसू. तेवढ्यात आप्पा वळले आणि म्हणाले, बेस्तरवारपर्यंत सगळं लागलं पाहिजे, त्याच्या पुढं गेलेलं चालायचं नाही. बायको शुक्रवारी घर सोडून निघाली आहे आणि ह्या गृहस्थाला गुरुवारी सिनेमा पाहिजे. इतका कोरडा माणूस मी पाहिला नव्हता. मी होकार दिला तो काकूंकडे न बघता.

गुरुवारी दहाच्या सुमाराला मी सामान घेऊन इचलकरंजीला पोचलो. म्हेत्र्यांचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. बैठं, चारी बाजूंनी मोकळं, आणि शांत. आमच्या धंद्यात घर बघायच्या आधी घराची शांतता बघतात. मी हॉलमध्ये उभा राहून एक टाळी वाजवली आणि ती कशी विरते ते ऐकलं. यंत्रमागांच्या गावात इतकं शांत घर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. आप्पा खिळे आणायला बाजारात गेले होते. काकूंनी चहा दिला, आणि शांततेचं कौतुक मी केल्यामुळे की काय, त्या बोलत्या झाल्या.

आधीचं घर मागाच्या शेडला लागून होतं, भिंत एकच. आप्पा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू ठेवणारा माणूस. पुढं त्यांनी स्वतःचे आठ माग टाकले. चौतीस वर्षं काकू त्या खडखडाटात नांदल्या. लेकीला अंगाई म्हटली ती ओरडून, सासू वारली तेव्हा शेवटचं बोलणं केलं तेही ओरडून. गावाला गेल्या की बहिणी म्हणायच्या, अगं, भांडतेस का बोलतेस? मग दोन वर्षांपूर्वी आप्पांनी माग विकले आणि हे घर बांधलं.

"राहायला आलो त्या दिवशी मी हळूच बोलून बघितलं," काकू म्हणाल्या. "माझा आवाज मलाच नवा वाटला. म्हटलं, आता असंच बोलायचं. देवानं म्हातारपणी तरी दिलं."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, की तेव्हापासून आप्पांचं उत्तर येणं बंद झालं. मागाच्या गोंगाटात शेडच्या त्या टोकाला उभा असलेला माणूस ह्या टोकाला त्या काय म्हणतायत ते बरोबर ओळखायचा. इथं दोघांच्या मधे एक भिंतसुद्धा नाही आणि हाक मारली तर ओ येत नाही. आली तर बरं, नाहीतर हं. आधी राग आला, मग रडूनही झालं. पुण्याची लेक म्हणते, ये माझ्याकडं, नातवंडं तुझं डोकं खातील.

"माग होतं तवर माझं काम होतं. आता माझा कंटाळा आलाय त्यांना," त्या म्हणाल्या. "तोंडानं म्हणत न्हाईत, एवढंच. चारदा सांगितलं जाते म्हणून. चारदा बरं म्हणाले."

मी चहा संपवला आणि वायरी सोडायला घेतल्या. खरं सांगायचं तर आप्पांचा राग आला होता, पण त्या रागाला जरा खोट होती. माझी बायको सुनंदा मी दुकानातून घरी आलो की दिवसभराचं सांगायला बसायची आणि मी हं म्हणायचो. माझे कान तर धड होते.

आप्पा आले आणि आम्ही कामाला लागलो. पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही अंगांना, मागचे दोन भिंतीवर उंच, धडधडणारा डबा कोपऱ्यात आणि मधला स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली. सिनेमातलं बोलणं ह्या मधल्यातून येतं. गाणं, पाऊस, मारामारी बाकीच्यांत वाटली जाते, माणसाचा शब्द मधल्यात. आप्पांना त्या एकाच स्पीकरचं फार अप्रूप. तो किती मोठा करता येतो, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. हाताला ते पक्के कारागीर होते. मी भोक कुठं पाडायचं ते दाखवावं आणि त्यांनी खिळा असा ठोकावा की भिंतीला खरवड नाही.

जोडणी झाल्यावर मी माझी नेहमीची सीडी लावली. एका देवळातलं भजन मी स्वतः भरून घेतलं होतं. पखवाज, पेटी, दहा-बारा टाळकरी. कुठल्याही घरात मी आधी ते लावतो, कारण त्यातला टाळ न् टाळ मला पाठ आहे. आप्पा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"झकास," ते म्हणाले. "काय सुरेख वाजतंय."

मी मात्र जागच्या जागी थिजलो. पखवाज होता, पेटी होती, आणि टाळ गायब. एकही नाही. माझी चूक लगेच माझ्या लक्षात आली. आप्पांनी निवडलेल्या स्पीकरला मागं दोन जोड वायरी लागतात, खालची पखवाजासारख्या जाड आवाजाची, वरची टाळांसारख्या बारीक आवाजाची. दोन्हींच्या मधे पितळेची पट्टी असली तर एकाच जोडीवर भागतं. दुकानात ऐकवण्यासाठी मी त्या पट्ट्या काढल्या होत्या आणि त्या तिथंच ड्रॉवरमध्ये राहिल्या. बारीक आवाजाचा भाग सगळ्या स्पीकरांत मेलेला होता. कानाचा उस्ताद म्हणवणाऱ्या माझ्या हातून ही चूक. मी गुपचूप वायरीचे तुकडे तासून जोडले आणि भजन पुन्हा लावलं. आता टाळ असे वाजले की स्वयंपाकघरातून काकू डोकावून गेल्या.

आता कसं वाटतंय, असं मी आप्पांना विचारलं.

"तसंच की," ते म्हणाले. "मघापण झकास, आत्तापण झकास."

मी त्यांच्या मागं उभा होतो. भजन बंद केलं. का ते सांगता येणार नाही, पण साध्या आवाजात, त्यांच्या पाठीकडे बघून मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या खांद्यावर पाल पडलीय."

"बरं, बरं," आप्पा म्हणाले.

मी पुढं येऊन त्यांच्यासमोर बसलो. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग खाली मान घातली. पुढचं सगळं ते दबक्या आवाजात बोलले, म्हणजे त्यांना दबका वाटणाऱ्या. मी उठून भजन पुन्हा सुरू केलं, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

चौतीस वर्षांच्या खडखडाटानं कान खाल्ले होते. मागावर कुणालाच काही ऐकू यायचं नाही, तिथं सगळे ओठ बघून बोलतात. त्यामुळे काय गेलं आणि कधी गेलं ते त्यांना कळलंच नाही. समोर माणूस असला की अजूनही सगळं कळतं. पण ह्या घरात काकू समोर येऊन बोलत नाहीत. भांडी घासताना बोलतात, फुलं तोडताना बोलतात, पाठमोऱ्या. मागं कुणी काही पुटपुटल्याची नुसती चाहूल लागली, की आप्पा बरं म्हणून मोकळे होतात. मिरजेच्या डॉक्टरानं कानात घालायचं मशीन सांगितलंय, आणि आप्पांनी ती चिठ्ठी खिशातच ठेवलीय.

"रस्त्यावरनं जाता जाता कुठला माग आजारी हाय ते सांगायचो मी," ते म्हणाले. "लोक मला बोलवायचे ते कानासाठी. त्या कानात आता मशीन घालून गावात हिंडू?"

"गावाचं सोडा. काकूंना का नाही सांगत?"

आप्पा बोटांवर मोजायला लागले.

"आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग तिच्या बांगड्या गेल्या. तिचा पयला आवाज हाय माझ्या कानात, ओरडायची तो. पण ती आता हळू बोलती, तोंडावरनं दिसतंय मला. तो आवाज कसा हाय, मला ठाव न्हाई. दोन वर्सं घरात बाई बोलतीया आणि तिचा आवाज मी ऐकलेला न्हाई, मगदूम. हे तिला कसं सांगू? पुन्हा वरडाय लागंल ती माझ्यासाठी. जन्मभर तेच केलं तिनं."

त्यांनी मला शपथ घातली, शालनला कळता कामा नये. मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार. मग काम पुरं करायचं म्हणून मी विचारलं, आवाज कुणाच्या खुर्चीसाठी बसवू? सगळे स्पीकर एकाच जागी नेमके जुळतात, दोन जागी नाही. आप्पांनी शेजारची खुर्ची दाखवली, काकूंची.

"तिला सिनेमाची लई आवड. दोन वर्सं तोंड उतरलंय तिचं. उद्या पुण्याला चाललीया आठ-पंधरा दिवस, लेकीकडं. दर साली जाती. त्याच्या आत लावून दाखवायचं होतं. म्हंजे तिकडं गेल्यावर परत यायची ओढ लागंल. आणि लागलंच जरा मोठ्यानं, तर मलापण तिच्याबरोबर बसून कळंल काय चाललंय ते. दोघं बसून बघू."

आठ-पंधरा दिवस. चारदा बरं म्हणालेल्या ह्या माणसाला आपण कशाला बरं म्हणालो ते माहीतच नव्हतं. आत काकू पिशवी भरत होत्या. बाहेर हे त्यांची खुर्ची जुळवून घेत होते. दुकानात मी ज्याला कोरडा म्हटलं होतं तो हा माणूस.

शपथ मोडायची तर नव्हती. थोडी वाकवायची म्हटलं तर वाट होती. त्या काळी सेटबरोबर गाणी म्हणायला एक माइक फुकट यायचा, लांब वायरीचा. लोक तो कपाटात टाकून विसरून जायचे. मी तो खोक्यातून काढला, जोडला, आप्पांना ऐकू न येणारा तो बारीक आवाज होता तेवढा सगळा वर चढवला आणि बाकीचे स्पीकर बंद करून माइकचा आवाज फक्त मधल्या स्पीकरला दिला. आप्पांना म्हणालो, आता शेवटची चाचणी, तुम्ही खुर्चीतून हलू नका. मग वायर सोडत सोडत स्वयंपाकघरात गेलो.

काकू ओट्यापाशी प्रवासाच्या दशम्या कापडात बांधत होत्या. मी माइक त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, की ह्यावर आप्पांना काहीतरी बोला, मला आवाज तपासायचाय.

"त्यांच्याशी काय बोलायचं? सगळं बोलून झालंय."

"मला सांगितलंत तेच बोला. तसंच, हळू. एकदाच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मला दार दाखवतात. पण माइक त्यांनी घेतला. दाराच्या चौकटीतून खुर्चीची पाठ दिसत होती आणि वर आप्पांचं पांढरं डोकं.

"अहो," त्या म्हणाल्या. "मी शालन."

ते डोकं हललं. आप्पा मागं वळले नाहीत. टीव्हीखालच्या त्या स्पीकरकडे बघत पुढं झुकले.

"उद्या मी चालले. परत यायची न्हाई आता. तुम्हाला चारदा सांगितलं, तुम्ही थांब म्हणाला न्हाईत." त्यांचा आवाज कापायला लागला होता, पण त्यांनी तो वर चढू दिला नाही. "एकदा जरी म्हणाला असतात तरी राहिले असते. मला काय हौस न्हाई पुण्याची. तुमच्याबिगर मला तिकडं करमणार हाय व्हय?"

आप्पा उठले. उठताना खुर्ची मागं सरकली. आता ते आमच्याकडे वळले होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

"शालन," ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई गं."

काकूंना आधी काही कळलंच नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली फरशीकडे पाहिलं.

"दोन वर्सं झाली. तू कायमची जातीस म्हणालीस, ते मी आत्ता ऐकलं. पयल्यांदा ऐकलं." आप्पा दोन पावलं पुढं आले आणि थांबले. "असा आवाज हाय व्हय तुझा?"

काकूंचा हात तोंडाशी गेला. दुसऱ्या हातात माइक तसाच होता, त्यामुळे त्यांचं रडू हॉलभर ऐकू आलं. मी बाजूनं अंग चोरून बाहेर आलो आणि उगीचच हत्यारं गोळा करायला लागलो. काकू दारापर्यंत आल्या आणि त्यांनी तोंड उघडलं ते जुन्या सवयीनं, ओरडायला. आप्पांनी हात वर करून त्यांना अडवलं.

"वरडू नगं," ते म्हणाले. "त्याच्यातनंच बोल. जाऊ नगं, शालन. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीबी. दोन वर्सांचं राहिलंय."

काकू येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. डोळे पुसले, माइक दोन्ही हातांत धरला, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या. आप्पा त्यांच्या शेजारी बसले, कान मधल्या स्पीकरकडे लावून. मी दोघांपैकी कुणाचाही निरोप घेतला नाही. सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

अंगणात मी चपला घालत होतो तेव्हा काकूंचा तो हळू आवाज उघड्या खिडकीतून रस्त्यापर्यंत येत होता. शेजारच्या घरातली एक बाई धुणं वाळत घालता घालता थांबून ऐकत होती. इथं राहायला आलो त्या दिवशी आपण कुंपणाशी जाईचा वेल लावला, काकू सांगत होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात तो बकरीनं खाल्ला, तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही बरं म्हणालात, मग मी दुसरा लावला.

मी गाडीत सामान भरलं आणि फाटक लावून घेतलं. आत आप्पा विचारत होते, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मग? तो जगला का?"